आमच्या घरात पाच जणांचा वाढदिवस १ जून! (सहावी थोडक्यात हुकली)

बोरकूट
बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते. आमच्याकडे एक अजब प्रकार आहे. माझे बाबा, मोठे काका, काकू, मामा आणि माझे सासरे, या पाचही जणांचा वाढदिवस १ जूनला असतो. वर्षं वेगवेगळी, तारीख तीच. पहिल्या चौघांचं लहानपणापासून माहीत होतं. सासऱ्यांचं कळलं ते विवाह नोंदणीच्या दिवशी. कागदांच्या झेरॉक्स लावताना त्यांचं पॅन कार्ड वर आलं आणि बाबा ओरडलेच, "अहो, तुम्हीपण?" दोघांनी तिथेच मिठी मारली. रांगेतले लोक बघत राहिले.

तेव्हापासून १ जूनला एकच केक. बेकरीवाल्याला पाच नावं बसवता येत नाहीत म्हणून तो नुसतं 'सर्वांना' लिहितो. सुरी धरायला पाच हात, फुंकर मारायला मात्र कायम काकूच पुढे.

माझ्या बाळंतपणाची तारीख डॉक्टरांनी ३१ मे २०२३ दिली होती. मग काय, सगळ्यांचे डोळे १ जूनकडे. काकांनी तर पैज लावली होती. माझी लेक आली ३ जूनला. काका दवाखान्यात येऊन पाळण्यात वाकून म्हणाले, "दोन दिवस दम धरवला नाही का आधी यायला?" (वाक्याचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही.)

नवऱ्याने हिशेब केला. पाच जणांची तारीख एक असण्याची शक्यता म्हणजे ३६५ चा चौथा घात, साधारण पावणेअठराशे कोटींत एक. हे खरं मानायचं का? तुमच्याकडे असं काही आहे का?

लिमलेट
एकच प्रश्न. पाचही जण साठीच्या आसपासचे आणि खेडेगावातल्या शाळेत शिकलेले आहेत का?

बोरकूट
हो! तुम्हाला कसं कळलं?

लिमलेट
झालं तर मग. नवऱ्याला म्हणावं पावणेअठराशे कोटी परत घे.

खारीबटर
हसून हसून पुरेवाट. १ जूनला माझ्या फेसबुकवर निम्म्या मराठवाड्याचा वाढदिवस असतो. मी एकच संदेश लिहितो, 'ज्यांचा ज्यांचा असेल त्यांना.'

गुरुजींचा_धाकटा
बोरकूट ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण या विषयावर माझा अधिकार आहे. माझे वडील परभणी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. एका सकाळी त्यांनी चाळीस मुलांना जन्म दिला.

पद्धत अशी होती. जूनमध्ये शाळा उघडली की गुरुजी वस्तीवर, शेतावर फिरून पोरं गोळा करायचे. आईबाप बरोबर येत नसत, आले तरी तारीख सांगता येत नसे. "पेरणीच्या वेळचा आहे", "थोरलीच्या लग्नात रांगत होता", एवढंच. मग वयाची परीक्षा. पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. कानाची पाळी बोटात आली की सहा वर्षं पूर्ण. बोटं कपाळाशीच अडली तर पुढच्या वर्षी ये. माझी आत्येबहीण मान वाकडी करून लवकर पहिलीत बसली, ती आजतागायत सगळ्यांत हुशार समजली जाते.

आता रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. आणि शाळा सुरू व्हायच्या आत वय पूर्ण दिसलं पाहिजे. म्हणून १ जून. वर्ष मोजायचं उलटं, तारीख ठरलेली. तीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, दाखल्यावरून नोकरीत, नोकरीवरून पॅनवर, आधारवर.

वडिलांना एकदा विचारलं, सगळ्यांना एकच तारीख का? म्हणाले, "निळी शाई, टाक आणि चाळीस पोरं. तू लिहून बघ."

बोरकूट
माझा नवरा हे वाचून सोफ्यावरून खाली घसरलाय. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग? तुला माहीत नव्हतं?" म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि गेली सात वर्षं केकचे पैसे मी देतेय.

पाटीपेन्सिल
मी आस्थापना विभागात बत्तीस वर्षं काढली. १ जूनवाल्यांची खरी जत्रा ३१ मेला असते. नियम असा की ज्याची जन्मतारीख महिन्याची १ असते तो आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. बाकीचे ज्या महिन्यात जन्मले त्या महिन्याच्या अखेरीला. त्यामुळे १ जूनवाले ५८ वर्षांनी ३१ मेला घरी. आमच्या कार्यालयात एका ३१ मेला अकरा जण एकदम निवृत्त झाले. फुलवाल्याकडे हार कमी पडले. शेवटी एकाच्या गळ्यातला काढून दुसऱ्याला घालत घालत फोटो उरकले. भाषणात साहेबांनी सगळ्यांना मिळून एकच 'मनमिळाऊ' वापरला.

अवांतर: माझे दोन चुलते कागदोपत्री जुळे आहेत. थोरला दोन वर्षांनी मोठा, पण आजोबांनी दोघांना एकाच दिवशी शाळेत नेऊन बसवलं. दोघांनाही तीच तारीख, तेच वर्ष. निवृत्तीही एकाच दिवशी. थोरल्याला अजून राग आहे की दोन वर्षं जास्त काम केलं.

लिमलेट
'सगळ्यांना मिळून एकच मनमिळाऊ', साष्टांग _/\_

तळ्यात_मळ्यात
हे फक्त आपल्याकडेच नाही बरं. मी मिनेसोटात राहते. इथे सोमाली कुटुंबं पुष्कळ. आमच्या शेजारच्या घरात आई, वडील, मावशी सगळ्यांची जन्मतारीख १ जानेवारी. निर्वासित म्हणून आले तेव्हा नेमकी तारीख माहीत नव्हती, कागदावर वर्षाचा पहिला दिवस पडला. मुलं इथे जन्मली, त्यांच्या तारखा वेगवेगळ्या. त्यांच्या मुलीने मला विचारलं होतं, तुमच्या देशात पण सगळे मोठे लोक एकाच दिवशी जन्मतात का? मी म्हटलं हो, पण आमच्याकडे पावसाळ्यात.

खारीबटर
केरळातही ३१ मेलाच घाऊक निवृत्ती असते. माझा एक मल्याळी सहकारी सांगायचा की त्याच्या वडिलांना निरोप समारंभाला जायला वेळच मिळाला नाही, कारण दुसऱ्या तिघांच्या समारंभाची व्यवस्था त्यांच्याकडे होती.

शेवगा
चला, १ जूनचा निकाल लागला. आता खऱ्या योगायोगाबद्दल बोलू, कारण तिथेही लोक उगाच हुरळतात. २३ माणसं एका खोलीत आली की त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, ५०.७ टक्के. मोठ्या एकत्र कुटुंबात चुलत-आते-मामे धरून सहज २३ होतात. तेव्हा 'आमच्या घरात दोघांचा एकच' यात नवल काही नाही, नसला तर नवल.

उंबरठा
शेवगा, हे पटत नाही. आमच्या भिशीत सव्वीस बायका आहेत आणि माझ्या तारखेची एकही नाही.

शेवगा
काकू, तुमच्या तारखेची कुणी असणं वेगळं. कुणाची तरी कुणाशी तरी जुळणं वेगळं. २३ जणांत जोड्या होतात २५३. तुमच्याशी जुळणारी बाई सापडण्याची शक्यता निम्म्यावर न्यायची तर भिशीत तुमच्याशिवाय २५३ जणी हव्यात.

उंबरठा
२५३ जणींची भिशी! माझा नंबर लागेपर्यंत मी असेन का? पण आज विचारलं ग्रुपवर. दोघींचा निघाला, १४ ऑगस्ट. आणि त्या दोघी चार वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. आता तुम्हीच सांगा काय करायचं.

अवकाळी
अमेरिकेत एका जोडप्याची पाच मुलं १९५२ ते १९६६ या काळात २० फेब्रुवारीलाच जन्मली, जुळं एकही नाही. गिनेस बुकात नोंद आहे. आणि पाकिस्तानात लारकान्याला एका घरातले नऊच्या नऊ जण, आई, वडील आणि सात मुलं, सगळे १ ऑगस्टचे. त्यात दोनदा जुळी. त्याचीही नोंद गिनेसकडे आहे.

गुरुजींचा_धाकटा
नऊच ना? आमच्या वडिलांनी चाळीस केले. गिनेसवाल्यांचा पत्ता द्या.

लिमलेट
२० फेब्रुवारी म्हणजे मागे मोजलं तर मे अखेर. उन्हाळ्याच्या सुट्ट्या.
(स्वतःच गप्प बसते.)

खारीबटर
आमच्याकडे तारखांचं नाही पण पिठल्याचं आहे. मी बंगळूरला, भाऊ पुण्यात, आई सांगलीत. महिन्यातून एकदा तरी रात्री फोन केला की तिघांकडेही पिठलंच. आधी बोलणं झालेलं नसतं. बायको म्हणते हे रक्तातलं.

शेवगा
महिन्यातून किती रात्री पिठलं असतं?

खारीबटर
दहा-बारा.

शेवगा
मी काही बोलत नाही.

उंबरठा
पोरांनो, तारखेच्या मागे काय लागलात. आमच्या पिढीत कुणाला तारीख विचारली तर तो काहीतरी घडल्याची गोष्ट सांगायचा. माझी नणंद पानशेतच्या वेळची. १२ जुलै १९६१, पुण्यात पाणी आलं आणि सासूबाईंनी तिला दुपट्यात गुंडाळून पर्वतीच्या पायऱ्या चढल्या, तेव्हा ती नऊ दिवसांची होती. म्हणजे जन्म ३ जुलै. दाखल्यावर अर्थात १ जून. माझा धाकटा दीर कोयनेच्या भूकंपानंतर बरोबर महिन्याने झालेला. भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे, सगळे थंडीत अंगणात, आणि पोटुशी बाई बाजेवर. असल्या आठवणी चुकत नाहीत. बहात्तरच्या दुष्काळातलं पोर असेल तर आई सांगते, सुकडी खाऊन वाढवलाय.

जन्माची नोंद करण्याचा कायदाही १९६९ चा. तो आल्यावरही खेड्यात बाळंतीण घरीच व्हायची, नोंद करायला जातंय कोण?

बोरकूट
उंबरठा काकू, हे वाचून डोक्यात किडा वळवळला. बाबांची खरी तारीख काय असेल? आजी जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा म्हणतात, "मला काय माहीत, मी लहान होतो."

पाटीपेन्सिल
'मी लहान होतो', हाहाहा. बाबांना नमस्कार सांगा.

गवतीचहा
पत्रिका असेल किंवा तिथी आठवत असेल तर तारीख काढता येते. तिथीचं एक गमतीशीर गणित सांगतो. तिथीने आणि तारखेने वाढदिवस दरवर्षी वेगळ्या दिवशी येतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण दर १९ वर्षांनी दोन्ही पुन्हा एकत्र येतात. कारण १९ सौरवर्षांत चांद्रमास जवळजवळ बरोबर २३५ भरतात. बारा गुणिले एकोणीस दोनशे अठ्ठावीस, अधिक सात अधिकमास, झाले दोनशे पस्तीस. म्हणून १९ व्या, ३८ व्या, ५७ व्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख हातात हात घालून येतात, कधी एखाद्या दिवसाचा फरक. घरच्या कुणाच्या तरी ३८ व्या वाढदिवसाला कॅलेंडर उघडून बघा.

अवकाळी
आत्ता बघितलं. बायकोचा ३८ वा मागच्या वर्षी झाला. जन्म चतुर्थीचा, आणि तारखेलाही चतुर्थीच होती. तिला सांगितलं तर म्हणाली, हे कळलं पण मागच्या वर्षी भेट द्यायची राहिली हे नाही आठवलं.

खारीबटर
वाचनखूण साठवली आहे. पिठल्याचंही असं १९ वर्षांचं काही असतं का?

(मध्ये आठवडाभर धागा थंड.)

बोरकूट
धागा वर काढतेय. बसून वाचा.

शनिवारी गावी गेले होते, सातारा जिल्ह्यात. थोरली आत्या तिथेच असते. ती बाबांपेक्षा आठ वर्षांनी मोठी आणि शाळेची पायरी कधी चढली नाही, म्हणून तिला १ जून मिळालाच नाही. (आधार कार्डावर तिला १ जानेवारी मिळालाय. म्हणजे ती मिनेसोटावाली.)

तिला विचारलं, बाबा कधीचे गं? ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यो काय एक तारकंचा न्हाय. मास्तरानं लिवलं आन् समदी म्हनाय लागली. त्यो वडाच्या पुनवंचा. आई वडाला सूत गुंडाळाय गेली हुती. पाच फेरं झालं आन् तिथंच खाली बसली. मीच तिच्या हातातलं ताट धरलं हुतं. त्या ताटातलं आंबं कुनी खाल्लं कुनास ठावं, मला काय गावलं न्हाईत." साठ वर्षांपूर्वीचे आंबे तिला अजून लागतात.

मी विचारलं, वर्ष कोणतं? म्हणाली, "शास्त्री गेले त्येच साल. संक्रांतीच्या तोंडाला रेडिओवर सांगितलं, चावडीपाशी मानसं रडत हुती. आईला तवा पाचवा लागला हुता."

लालबहादूर शास्त्री गेले ११ जानेवारी १९६६ ला. म्हणजे वर्षात गुरुजी चुकले नव्हते, दाखल्यावरही १९६६ च आहे. मग मी मुद्दाम विचारलं, वार कुठला होता आठवतंय? "शुक्रवार. बाजार हुता. दादा बाजाराला गेलं हुतं, म्हनून तर सांगावा धाडाय कुनी न्हवतं." आमच्या गावचा बाजार आजही शुक्रवारीच भरतो.

गवतीचहा, १९६६ ची वटपौर्णिमा कधी होती तेवढं बघून सांगाल का? मला काहीतरी वाटतंय, पण आधी तुम्ही सांगा.

गवतीचहा
ज्येष्ठ पौर्णिमा, १९६६. तारीख ३ जून. वार शुक्रवार.

लिमलेट
थांबा थांबा थांबा.

तळ्यात_मळ्यात
३ जून? लेकीची तारीख??

बोरकूट
हो. ३ जून. आणि मी सकाळपासून कॅलेंडर हातात घेऊन बसलेय. ३ जून २०२३ ला वटपौर्णिमाच होती. शनिवार होता. आता सगळं आठवतंय. मला कळा सुरू असताना ज्या नर्सबाई होत्या त्यांच्या मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या, आणि त्या दुसरीला म्हणत होत्या, "अगं, वडाला जायचं राहिलंच, कुंडीतल्या फांदीवर भागवलं." माझं पहिलं बाळंतपण, त्यामुळे माहेरीच होते. बाहेर बाकावर बाबा बसले होते. स्वतःच्या खऱ्या ५७ व्या वाढदिवसाला, स्वतःला पत्ता नसताना.

गवतीचहा
५७ म्हणजे तीन वेळा १९. त्यामुळे तिथी आणि तारीख दोन्ही जुळल्या. पुढची खेप २०४२ मध्ये, लेक १९ ची आणि आजोबा ७६ चे. दोघांचा एकत्र, दोन्ही पद्धतींनी.

शेवगा
मी आलोच. नीट मोजू. वटपौर्णिमा मेअखेर ते जूनअखेर अशी कुठेही फिरते. नातीची तिथी आजोबांच्या तिथीशी जुळली, हा एक योगायोग, साडेतीनशेत एक म्हणा. दोघांच्या वयात १९ च्या पाढ्यातलं अंतर पडलं, हा दुसरा. तारीख जुळली ती त्यावर फुकट. दोन मिळून सहा-सात हजारांत एक. पावणेअठराशे कोटी नाही.

उंबरठा
शेवगा, तू पिठलं खा.

शेवगा
खातोच आहे काकू. आणि खरं सांगू? शुक्रवारच्या बाजाराला माझ्या अंगावर काटा आला. तो कशात धरायचा कळलं नाही म्हणून धरला नाही.

अवकाळी
म्हणजे १ जूनचे पाच खोटे निघाले, आणि जी हुकली म्हणत होता तीच तेवढी नेमक्या दिवशी आली.

गुरुजींचा_धाकटा
आणि मास्तरांचा अंदाज बघा. कान धरायला लावून फक्त दोन दिवसांनी चुकले.

लिमलेट
बाबा काय म्हणाले? ते सांगा आधी.

बोरकूट
बाबांना फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं डोळ्यांत पाणी आलं असेल. मग म्हणाले, "३ जून म्हणजे मी निवृत्त कधी व्हायला हवा होतो?"

बाबा सरकारी नोकरीत होते, ३१ मे २०२४ ला निवृत्त झाले.

पाटीपेन्सिल
३ जून जन्मतारीख असती तर ३० जूनला. अख्खा एक महिना पुढे.

बोरकूट
तेच! मागून काकू ओरडल्या, "म्हणजे मास्तरांनी एका महिन्याचा पगार खाल्ला की!" आता बाबांचं ठरलंय, केक ३ जूनला कापायचा, नातीच्या मांडीला मांडी लावून, आणि १ जूनच्या केकचे पैसे यापुढे काकांनी द्यायचे.

गुरुजींचा_धाकटा
समस्त गुरुजीवर्गाच्या वतीने बाबांची माफी मागतो. पगाराचं बघू.

खारीबटर
आत्याला मात्र कुणीतरी आंबे पाठवा.